विश्लेषण : मापन उपकरणे विकत घ्यायची की स्वतः बनवायची? होमी भाभांनी कोणता मार्ग निवडला?

सोलापूर : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये हा अनुभव कधी ना कधी येतोच. फंक्शन जनरेटरवर ५ व्होल्ट सेट केले. बीएनसी केबल थेट ऑसिलोस्कोपला जोडली. पडद्यावर मात्र १० व्होल्ट दिसले. मग दोन टेबलांवर दोन मते तयार होतात. एक म्हणतो जनरेटर स्वस्तातला आहे, दुसरा म्हणतो स्कोप बिघडला आहे. खरे तर दोन्ही उपकरणे बरोबर असतात. जनरेटरने समोर ५० ओहमचा भार आहे असे गृहीत धरलेले असते आणि स्कोपचा अंतर्गत रोध असतो १० लाख ओहम. त्यामुळे व्होल्टेज दुप्पट दिसते. उपकरणावरचे नाव वाचून हे कळत नाही, त्याच्या आतले सर्किट समजून घेतल्यावरच कळते.

सिग्नल जनरेटर, ऑसिलोस्कोप, काउंटर यांच्या खरेदीची चर्चा बहुतेक वेळा ब्रँडवर सुरू होते आणि किमतीवर संपते. विदेशी कंपनीचे महागडे यंत्र घ्यायचे, चिनी स्वस्त घ्यायचे की देशी? सुमारे ८० वर्षांपूर्वी हाच प्रश्न भारतासमोर फार मोठ्या स्वरूपात उभा होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ते डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण देशात इलेक्ट्रॉनिक मापन उपकरणे तयार व्हावीत यासाठी त्यांनी काय केले, हा भाग तितकासा सांगितला जात नाही.

आधी इंजिनीअर, मग शास्त्रज्ञ?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा वकील होते. टाटा घराण्याशी जवळचे नाते होते. होमी यांच्या आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजमध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती.

१९२७ मध्ये ते केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. वडिलांनी अट घातली : इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणित शिकायला मिळेल. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉसही पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. आज इंजिनीअरिंगची पदवी हातात घेऊन आवडीच्या वाटेकडे पाहणाऱ्या अनेकांना ही तडजोड ओळखीची वाटेल.

ते वर्ष केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेसाठी विलक्षण होते. जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेगवान केलेल्या कणांनी अणूचे केंद्रक फोडले. त्याच प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी कणांचे पल्स मोजणारे इलेक्ट्रॉनिक काउंटर तयार केले. तोवर कण मोजायचे म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या ठिणग्या डोळ्यांनी टिपायच्या, असा प्रकार होता. भाभा स्वतः सिद्धांतकार होते, कागद-पेन्सिलीने काम करणारे. पण मोठे शोध लागतात तिथे उपकरणे बाजारातून येण्याची वाट पाहिली जात नाही, ती तिथेच बनवली जातात, असे वातावरण त्यांनी जवळून पाहिले.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अंतराळातून आलेला एक ऊर्जावान कण वातावरणात शिरल्यावर कणांची लाट कशी तयार होते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बंगळूरमध्ये काय घडले?

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना रीडरची जागा मिळाली. भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. तिथे भाभांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला आणि सिद्धांतकार असलेला हा माणूस प्रयोगांकडे वळला.

युद्धाच्या काळात विदेशातून उपकरणे मागवणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे गायगर काउंटर आणि त्यांना लागणारी सर्किट्स तिथेच तयार करावी लागली. अनेक गायगर नळ्या एकावर एक मांडून केलेल्या रचनेला काउंटर टेलिस्कोप म्हणतात. एकच कण सर्व नळ्यांतून आरपार गेला, तरच तो मोजायचा, हे तिचे तत्त्व.

हे उपकरण घेऊन उंचावर जायचे होते, कारण उंची वाढेल तसे विश्वकिरण बदलतात. इथे या कथेत सोलापूरचा एक धागा येतो. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमान कारखाना सुरू केला होता. १९४२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि युद्धकाळात तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होऊ लागली. बंगळूरमधल्या अमेरिकी हवाई दलाची मदत घेऊन भाभांनी आपले काउंटर विमानातून सुमारे ३० हजार फुटांपर्यंत पाठवले. देशात तयार केलेल्या मापन यंत्रणेची ही कठीण परीक्षा होती. तापमान घसरते, हादरे बसतात, वीजपुरवठा वरखाली होतो, आणि तरीही आकडे विश्वासार्ह हवेत.

मोजणाऱ्या यंत्राला कोण मोजणार?

सिग्नल जनरेटरचे महत्त्व नेमके इथे कळते. एक साधे गणित पाहू. समजा, दोन गायगर नळ्या आहेत आणि प्रत्येकीत सेकंदाला १०० पल्स येतात. दोन पल्स एका सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आत आले, तर सर्किट त्यांना एकाच कणाचे मानते. अशा वेळी दोन वेगवेगळे कण योगायोगाने जवळजवळ एकाच वेळी येऊन सेकंदाला सरासरी ०.२ खोट्या नोंदी होतात, म्हणजे दर पाच सेकंदांनी एक. हीच वेळमर्यादा दहापट कमी केली, तर खोटी नोंद ५० सेकंदांतून एकदा होते. मोजायचा कणच दुर्मीळ असेल, तर या फरकावर सगळा प्रयोग अवलंबून असतो.

आता प्रश्न असा की सर्किट खरोखर तितके वेगवान आहे, हे कशावरून समजायचे? विश्वकिरण आपल्या सोयीने येत नाहीत. म्हणून पल्स जनरेटर लागतो. तो माहीत असलेल्या उंचीचे, माहीत असलेल्या अंतराने पल्स देतो. ते सर्किटमध्ये सोडायचे आणि मोजणी जुळते का ते पाहायचे. ऑसिलोस्कोपवर पल्सचा आकार तपासायचा. थोडक्यात, मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा घेणारे हे यंत्र आहे. परीक्षकच चुकीचा असेल, तर पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि ते चुकले आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा बाजारात कोणते ब्रँड होते?

त्या काळात मापन उपकरणांच्या जगात अमेरिका आणि युरोपचे वर्चस्व होते. अमेरिकेत जनरल रेडिओ ही कंपनी १९१५ पासून होती. जर्मनीत रोड अँड श्वार्झ १९३३ मध्ये सुरू झाली. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो इथे बिल ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी एका गॅरेजमधून धंदा सुरू केला. त्यांचे पहिले उत्पादन होते २००ए हा ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे एक प्रकारचा सिग्नल जनरेटर.

त्यातली युक्ती साधी होती. ऑसिलेटरचा सिग्नल एकसारख्या उंचीचा ठेवणे अवघड असते. ह्युलेट यांनी त्यासाठी सर्किटमध्ये एक छोटा दिवा बसवला. सिग्नल वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि सिग्नल आपोआप आवरला जातो. बाजारातली अशी उपकरणे काहीशे डॉलरना मिळत असताना त्यांनी किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट. याच यंत्राच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने फँटाझिया या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले. आज ज्या एचपीचे लॅपटॉप आपण वापरतो, ती कंपनी अशी मापन उपकरणातून उभी राहिली. १९४७ मध्ये टेक्ट्रॉनिक्सचा ५११ हा ऑसिलोस्कोप आला आणि वेगवान पल्स स्पष्टपणे पाहणे सोपे झाले.

दर्जा म्हणाल तर ही उपकरणे उत्तमच होती. भारताची अडचण वेगळी होती. परकीय चलन तुटपुंजे, आयात परवाना मिळवायला वेळ, आणि यंत्र बिघडले तर एका व्हॉल्व्हसाठी पुन्हा तीच कसरत. त्यात अणुसंशोधनाला लागणारी काही उपकरणे संवेदनशील मानली जात. ती पैसे असूनही मिळतील याची खात्री नव्हती.

केनिलवर्थ बंगल्यातून सुरुवात

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याचा प्रस्ताव दिला. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडण्याच्या जवळपास दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, बंगळूरमध्ये सुरू झाली आणि वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्यातील आजची वास्तू १९६२ मध्ये पूर्ण झाली.

सुरुवातीच्या त्या दिवसांत संशोधक सोल्डरिंगही स्वतःच करत. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे जुने रेडिओ आणि रडारचे सामान मुंबईच्या बाजारात विकायला आले होते. त्यातले व्हॉल्व्ह, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर काढून काउंटरची सर्किट्स उभी राहत. भंगारातून निवडलेला प्रत्येक भाग आधी तपासावा लागे. त्यातून एक पिढी सर्किट वाचायला, दोष शोधायला आणि दुरुस्त करायला शिकली.

भाभांनी निवडलेल्या माणसांमध्ये अय्यगारी सांबशिव राव हे नाव महत्त्वाचे. टाटा शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. ह्युलेट आणि पॅकार्ड हे दोघेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी. राव परत आले आणि भाभांसोबत विश्वकिरणांच्या उपकरणांवर काम करू लागले. पुढे अणुऊर्जा आस्थापनेतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग त्यांच्याच नेतृत्वाखाली वाढला.

१९५१ च्या सुमारास भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत काउंटर उतरवले. जमिनीखाली खोलवर किती कण पोहोचतात, हे मोजायचे होते. जितके खोल जावे तितके कण कमी, म्हणजे खोट्या नोंदींना तितकीच कमी जागा. कोलारमधल्या या कामाची परिणती १९६५ मध्ये दिसली. जपान आणि ब्रिटनच्या संशोधकांसोबत केलेल्या प्रयोगात वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर सापडल्या.

अप्सरामध्ये खरी कसोटी का लागली?

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बे इथे अणुऊर्जा आस्थापना आकाराला आली. पहिली अणुभट्टी बांधण्याचा निर्णय झाला तेव्हा इंधन ब्रिटनकडून घ्यायचे ठरले, पण अणुभट्टीची रचना, बांधकाम आणि नियंत्रण यंत्रणा इथेच करायची, असा भाभांचा आग्रह होता.

हा आग्रह धोक्याचा होता. अणुभट्टी सुरू होताना न्यूट्रॉनची संख्या अगदी कमी असते आणि पूर्ण क्षमतेला ती कोट्यवधी पटींनी वाढते. नियंत्रण यंत्रणेने ही पूर्ण मर्यादा मोजली पाहिजे. संख्या किती आहे यासोबत ती किती वेगाने वाढते आहे, हेही कळले पाहिजे. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की नियंत्रण दांडे क्षणात खाली पडले पाहिजेत. हे सगळे व्हॉल्व्हच्या सर्किट्सवर अवलंबून होते.

अशा यंत्रणेची परीक्षा खऱ्या अणुभट्टीवर घेता येत नाही. आधी सिग्नल जनरेटरमधून खोटे पल्स आणि हळूहळू वाढणारे प्रवाह सोडून प्रत्येक मार्ग तपासावा लागतो. ठरलेल्या आकड्यावर धोक्याची सूचना येते का, दांडे सोडणारा रिले वेळेत काम करतो का, एक मार्ग बंद पडला तर दुसरा सांभाळतो का, हे पाहिल्यावरच इंधन भरायचे. इथे मापन चुकणे कुणालाच परवडणारे नव्हते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा कार्यान्वित झाली. निर्णयापासून दीड वर्षाच्या आत. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली अणुभट्टी होती. नियंत्रण यंत्रणा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. तिची क्षमता एक मेगावॉटच होती, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ती किरकोळ म्हणावी लागेल. पण तिच्या निमित्ताने नियंत्रण यंत्रणा बनवणारी आणि तपासणारी माणसे तयार झाली. पुढच्या अणुभट्ट्यांसाठी हीच माणसे कामी आली. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात, जानेवारी १९६६ मध्ये मुंबईत झालेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत भाभांनी हाच मुद्दा मांडला. प्रत्येक कारखान्यासाठी विदेशी सल्लागार आणले आणि काम संपल्यावर त्यांना निरोप दिला, तर पुढच्या कारखान्यालाही तेच आणावे लागतात. पहिल्या कामातच आपली माणसे गुंतवली, तर दुसऱ्या कामाला ती उभी असतात.

याच विचारातून १९५७ मध्ये ट्रॉम्बेत प्रशिक्षण शाळा सुरू झाली. ताज्या पदवीधरांना घेऊन वर्षभर शिकवायचे आणि मग कामाला लावायचे, ही पद्धत आजही सुरू आहे.

विदेशी उपकरणांना त्यांचा विरोध होता का?

नाही. भाभा हट्टी स्वदेशीवादी नव्हते. जुलै १९६० मध्ये सुरू झालेली ४० मेगावॉटची सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभारली गेली. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. संगणकाच्या बाबतीतही तसेच. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या चमूने सुमारे २,७०० व्हॉल्व्ह वापरून टिफ्रॅक हा संगणक बनवला. तो १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिले. पण तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेतून सीडीसी ३६०० हा वेगवान संगणक विकत आणला.

टीकाकार यात विसंगती पाहतात. विकतच घ्यायचे होते, तर आधी बनवण्यात वर्षे का घालवली? त्याचे उत्तर त्या संगणकाभोवती जमलेल्या माणसांमध्ये आहे. स्वतः संगणक बांधलेल्या चमूला विकत घेतलेला संगणक कसा निवडावा, त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, हे ठाऊक होते. असे असले तरी दुसरी बाजूही खरी आहे. अणुऊर्जा विभागाला सरकारचा पाठिंबा आणि पैसा मिळाला, तसा विद्यापीठांना आणि छोट्या उद्योगांना मिळाला नाही. ट्रॉम्बेत जे साधले, ते जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला.

१९६२ च्या युद्धानंतर काय बदलले?

चीनसोबतच्या युद्धाने भारताच्या संदेशवहन आणि संरक्षण इलेक्ट्रॉनिक्सची दुर्बलता उघडी पडली. ऑगस्ट १९६३ मध्ये केंद्र सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे सदस्य होते. पुढच्या दहा वर्षांत देशाला कोणती इलेक्ट्रॉनिक साधने किती लागतील आणि ती कशी बनवायची, याचा आराखडा तयार करायचा होता. रेझिस्टर-कपॅसिटरसारख्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सगळ्याचा विचार त्यात झाला. मापनाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या क्रमाचे महत्त्व लगेच कळेल. तापमानासोबत मूल्य बदलणारा रेझिस्टर वापरून स्थिर सिग्नल जनरेटर बनत नाही. दर्जा तयार पेटीत येण्याआधी तिच्या आतल्या सर्वांत लहान भागात यावा लागतो.

समितीचा अहवाल १९६६ मध्ये पूर्ण झाला. तो प्रत्यक्षात उतरलेला पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे कांचनजुंगा हे बोइंग विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. भाभा ५६ वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात काय उरले?

ट्रॉम्बेच्या आस्थापनेला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. त्याच वर्षी ११ एप्रिलला तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या कामातून हैदराबादमध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, उभी राहिली. तिची धुरा ए. एस. राव यांच्याकडे होती. अणुसंशोधनाची उपकरणे, संगणक, दूरचित्रवाणी संच अशी तिची यादी वाढत गेली. मतदान केंद्रावर आपण ज्या ईव्हीएमचे बटण दाबतो, ती बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी ही एक. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला.

खासगी क्षेत्रातही हालचाल झाली. ठाण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲप्लॅबने चाचणी आणि मापन उपकरणांत नाव कमावले. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर अनेक इलेक्ट्रिशियनच्या हातात दिसत.

तरीही चित्र अर्धेच पूर्ण झाले. आज उच्च वारंवारतेच्या सिग्नल जनरेटरसाठी मोठ्या प्रयोगशाळा कीसाइट, टेक्ट्रॉनिक्स, रोड अँड श्वार्झ अशी नावे घेतात. कमी खर्चात रिगोल, सिग्लेंट या चिनी कंपन्यांचे पर्याय आहेत. ब्रँडही कायम राहत नाहीत. एचपीचा मूळ मापन उपकरणांचा व्यवसाय १९९९ मध्ये ॲजिलेंटकडे गेला आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे. ज्या नावावर भरवसा ठेवून कुणी यंत्र घेतले, ते नाव आता लॅपटॉपवर आहे.

मग आज उपकरण निवडताना काय पाहावे?

भाभांच्या प्रयोगशाळेतले प्रश्न आजही लागू पडतात. कॉलेजची लॅब असो, एमआयडीसीतला छोटा कारखाना असो की घरातले टेबल, खरेदीपूर्वी पाच गोष्टी तपासता येतात.

• वारंवारतेची अचूकता : माहितीपत्रकात ही पीपीएममध्ये दिलेली असते. ५० पीपीएम म्हणजे १० लाख हर्ट्झला ५० हर्ट्झची संभाव्य चूक. शिकण्यासाठी हे पुरेसे आहे, रेडिओ संदेशवहनाच्या कामाला अनेकदा नाही.

• सिग्नलची शुद्धता : साइन वेव्हमध्ये नको असलेल्या वारंवारता किती मिसळतात? उणे ६० डीबी म्हणजे मूळ सिग्नलच्या उंचीच्या एक हजारांश. स्वस्त मॉड्यूलच्या माहितीपत्रकात हा आकडा नसेल, तर तो चांगला नसावा असे धरून चालावे.

• आउटपुट रोध : बहुतेक जनरेटरचा ५० ओहम असतो. सुरुवातीला सांगितलेला ५ आणि १० व्होल्टचा घोळ इथूनच होतो. अनेक जनरेटरमध्ये समोरचा भार किती, हे सांगण्याची सोय असते. ती वापरावी.

• कॅलिब्रेशन : उपकरणाचे आकडे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकांशी जोडलेले आहेत का? एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हा त्याचा पुरावा. महागडे पण वर्षानुवर्षे कॅलिब्रेट न केलेले यंत्र, नियमित तपासलेल्या साध्या यंत्रापेक्षा जास्त फसवू शकते.

• दुरुस्ती : सर्किटची माहिती आणि सुटे भाग मिळतात का? बिघडल्यावर ते उघडून पाहू शकेल असे कुणी जवळपास आहे का?

शेवटचा प्रश्न माहितीपत्रकात कधीच नसतो. भाभांनी मात्र आपले सगळे नियोजन त्याच प्रश्नाभोवती केले. यंत्र इथे बनवले की विकत आणले, हे त्यांनी गरजेनुसार ठरवले. ते उघडता, समजता आणि दुरुस्त करता येणारी माणसे तयार करण्यात मात्र त्यांनी तडजोड केली नाही. लॅबमध्ये पुढच्या वेळी ५ व्होल्टच्या जागी १० दिसले, तर दुसरे यंत्र मागण्याआधी हातातल्या यंत्राची पुस्तिका उघडून पाहावी. ट्रॉम्बेत कामाची सुरुवात तिथूनच झाली होती.